भिंत आतून वाढते

३ फेब्रुवारी

चिरंजीव टायरवाले यांस,

आशीर्वाद पाकिटात घातला आहे. हवा असेल तर घे, नसेल तर राहू दे तिथेच. नासणारी वस्तू नाही ती.

फोनवर माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतोस. ठेव. पण कागद न वाचता टाकणं तुला जमत नाही, हे तुला जन्म दिलेल्या बाईला माहीत आहे. लहानपणी सामानाच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचायचास आणि साखर सांडायचास. म्हणून हे पत्र. मी चौथीपर्यंत शिकले, त्यातली तिसरी दोनदा, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. तुझी लेक म्हणाली, "आजी, बाबांना काही लिहू नकोस." म्हणून लिहायला बसले.

तिला पिटुकली हे नाव तूच ठेवलंस. आता ती तुझ्यापेक्षा उंच आहे. दुकानातून घरात यायच्या त्या बुटक्या दारात रोज तिचं कपाळ आपटायचं आणि तू पंपामागून ओरडायचास, "वाकून ये." शेवटच्या दिवशीही तेच बोललास, फक्त तेव्हा ते दाराबद्दल नव्हतं. "जुन्या टायरवर रबर चढवायला माझ्या हाताखाली शिकलीस, आता जंतू बघायला चाललीस. वाकायचं नसेल तर या दारातून येऊ नकोस." ती गेली. मीही पिशवी उचलली आणि तिच्यामागे निघाले, कारण तिला स्वयंपाक येत नाही आणि मला तुझं तोंड बघवत नव्हतं. दोन्ही कारणं खरी आहेत.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. खिडकीतून तिच्या प्रयोगशाळेची मागची बाजू दिसते. मोठमोठे पाइप, त्यांवर बसलेली कबुतरं. कबुतरं जास्त कामाची वाटतात.

तू म्हणे सगळ्यांना सांगतोस, मुलगी जंतू पाळते. बरोबर सांगतोस. ते जंतू लांबट असतात, औषधाच्या कॅप्सूलसारखे. प्रत्येकाभोवती एक भिंत. भिंत म्हणजे दगडी नाही, जाळीसारखी विणलेली, थोडी ताणणारी. आत पाणी ठासून भरलेलं, ते सारखं बाहेर रेटत असतं. म्हणजे तुझाच माल झाला की. आत ट्यूब, बाहेर टायर. भिंत नसेल तर जंतू फटकन फुटेल. आता गंमत बघ. तुझा टायर वाढत नाही, याचा वाढतो. लांब लांब होतो, मधून दुभागतो, एकाचे दोन. आणि एवढ्यात भिंतीला कुठे भोक पडता कामा नये. चालत्या गाडीचा टायर मोठा करायचा, असं समज.

भिंतीचा माल जंतूच्या पोटात तयार होतो. ती त्याला विटा म्हणते. विटा आत घडतात, पातळ पडद्यातून बाहेर सरकवल्या जातात आणि जाळीत बसवल्या जातात. इथवर सगळ्यांचं एकमत. भांडण पुढे आहे. भिंत किती वेगाने वाढायची हे ठरवतं कोण? तिचे सर म्हणतात, आतला दाब. दाबाने जाळी ताणते, फट पडते, फटीत वीट बसते. दाब जास्त तर वाढ जास्त. पिटुकली म्हणते, दाब लागतो हे खरं, पण वेग तो ठरवत नाही. आत विटा ज्या वेगाने घडतात त्या वेगाने भिंत वाढते.

मी सरांच्या बाजूने. जन्म गेला माझा पंपाचा दांडा हाणण्यात. "हवा भरली की फुगतं," मी म्हटलं, "यात शिकायचं काय आहे?"

"आजी, फुगणं वेगळं, वाढणं वेगळं. हवा सोडली की फुगलेलं परत जातं."

"आणि वाढलेलं?"

"वाढलेलं कुठे जाणार?"

उलट उत्तरं द्यायला ती तुझ्यावर गेली आहे. कॉम्प्रेसरला तेल घातलंस का? तो घरघरायला लागला की तू बहिरा असल्यासारखा वागतोस.

तुझी, तुझ्याशी न बोलणारी आई


१९ फेब्रुवारी

टायरवाले,

उत्तर आलं नाही. मी वाट बघत नव्हते.

झालं असं की परवा ही डबा विसरून गेली. मी डबा घेऊन प्रयोगशाळेच्या फाटकाशी गेले तर पहारेकरी म्हणतो, ओळखपत्र दाखवा. मी म्हटलं, डबा दाखवते, तीच ओळख. तो म्हणाला, नियम आहे. मी म्हटलं, नियमाला भूक लागत नाही, माझ्या नातीला लागते. मग मी खालूनच तिला हाक मारली. माझी हाक तुला माहीत आहे, ट्रकवाले ब्रेक दाबायचे. चार खिडक्या उघडल्या. ती पळत खाली आली, माझ्यासाठी नाही, पहारेकऱ्याच्या काळजीने.

आता या पळण्याने काय झालं ते ऐक, कारण सगळं तिथेच आहे.

तिचा प्रयोग असा. काकडीला मीठ लावलं की पाणी सुटून ती आखडते ना, तसं. जंतूंना बारीक नळीत बसवायचं आणि त्यांच्यावरून साखरेच्या जातीचं दाट पाणी सोडायचं. ती साखर त्यांना खाता येत नाही, नुसती बाहेर उभी राहते आणि त्यांच्यातलं पाणी ओढते. जंतू आखडतो, दाब उतरतो, लांबी वाढायची मंदावल्यासारखी दिसते. सर खूश. बघा, दाब गेला, वाढ गेली. मग साधं पाणी सोडून नळी धुवायची आणि दुसरे जंतू घ्यायचे. आणि त्या प्रयोगशाळेची रीतच अशी की धुताना कॅमेरा बंद करायचा. धुण्यात बुडबुडे येतात, चित्र गढूळ होतं, कॉम्प्युटरची जागा फुकट जाते. सरांच्या सरांपासून चालत आलेली रीत. पाणी बदलणारा पंप वेळ झाली की आपोआप फिरतो, कॅमेरा मात्र हाताने बंद करावा लागतो.

हात माझ्या डब्याशी होता. कॅमेरा चालू राहिला.

परत जाऊन बघते तर काय, साधं पाणी आल्याबरोबर आखडलेले जंतू टुणकन लांब झाले. मी म्हटलं, "होणारच. ट्यूब दाबून धरली, सोडली, पहिल्यासारखी झाली." सरही अगदी हेच म्हणाले. मी आणि सर, आमचं चांगलं जमतं.

तर ती कपाळावर हात मारून म्हणाली, "आजी, पहिल्यासारखी नाही. जी शेजारची नळी मी तुझ्या भाषेत दाबलीच नव्हती, म्हणजे जिच्यात दाट पाणी सोडलंच नव्हतं, तिच्यातल्या जंतूंएवढे झाले ते. म्हणजे जेवढे ते न दाबता वाढले असते, तेवढे. आखडून बसले होते तेव्हाही भिंत बनतच होती. आपल्याला दिसत नव्हती एवढंच. दुसऱ्या जातीच्या जंतूत असं कुणी पाहिलंय, पण आमच्या या जातीत सगळे उलटं मानतात."

सर म्हणाले, "एकदा दिसलं ते चुकीनेही दिसतं." माणूस वाईट नाही, पण आपलं म्हणणं त्यांनी इस्त्री करून कपाटात ठेवलंय, घडी मोडवत नाही. वर त्यांनी अट घातली. परीक्षक एप्रिलअखेर बसणार. तोवर तिने पक्कं सिद्ध केलं तर बरं. नाही तर हा भाग वगळायचा, दाबामुळेच वाढ होते असं लिहायचं आणि पदवी घेऊन मोकळं व्हायचं.

"जे दिसलं नाही ते मी लिहिणार नाही," ही म्हणाली.

"मग पदवी राहील."

"राहू दे."

घरी येऊन मला हे सांगताना ताठ उभी होती. मला एका बुटक्या दाराची आठवण आली. कोणत्या ते तुला सांगायला नको.

आई


१२ मार्च

टायरवाले,

बातमी चांगली नाही, म्हणून थोडक्यात लिहिते.

टुणकन उडी आता प्रत्येक वेळी दिसते. सरांनी स्वतः बसून पाहिली. पण ते म्हणतात, उडी विटांमुळेच हे कशावरून? कदाचित भिंत नुसती सैल पडून ताणली जात असेल. बरोबर आहे त्यांचं. तीही कबूल करते. मग तिने ठरवलं की विटांची भट्टीच बंद करायची. तसं औषध असतं, ते आतलं वीट घडणं थांबवतं. भट्टी बंद करून जंतू दाबायचे, मग धुवायचे. उडी विटांची असेल तर आता ती येणार नाही, जंतू जुन्या लांबीवर थांबेल. भिंत नुसती ताणत असेल तर उडी येईलच.

आणि जंतू फुटताहेत. रोज. भिंत वाढायची तर जुनी जाळी आधी जरा कापावी लागते, तेव्हा नवीन बसते. कापणारे कामगार तिथेच फिरत असतात. विटा थांबल्या हे त्यांना कुणी सांगत नाही, ते कापत सुटतात. मग साधं पाणी आत घुसलं की भिंत फाटते आणि हाती येतो चिखल.

काल ती जेवली नाही. मी म्हटलं, "सर म्हणतात ते लिहून टाक. तुझ्या जंतूंना वाचता येत नाही, ते तक्रार करणार नाहीत." ती हसली नाही. मला वाटलं होतं हसेल.

तुझं कार्ड आलं. दुकानाचं छापील कार्ड, मागे एक ओळ. ना सलाम ना नमस्कार. "आखडलेलं असताना वाढलेला माल भिंतीत मावतो कुठे?" एवढंच. कुशल विचारलं असतंस तर शाई संपली असती का?

तिला कार्ड दाखवलं नाही. ओट्यावर ठेवून मी आंघोळीला गेले, बस्स. आंघोळ जरा लांबली.

आई


३० मार्च

टायरवाले,

बस खाली. उभ्याने वाचायचं पत्र नाही हे.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर, ते तिने दिलंय. कार्ड वाचून अर्धा दिवस ती खोलीभर फेऱ्या घालत होती. मग मी विणत होते तो पायमोजा तिने माझ्या हातातून ओढला, सुयांसकट. "हा पायात नसताना केवढा दिसतो?" म्हटलं, वीतभर. "यात अजून ओळी विणल्यास तर?" म्हटलं, तरी आखडूनच बसणार, दिसायला जेमतेम बोटभर वाढेल. "आणि पायात घातल्यावर?" म्हटलं, घातल्यावर सगळ्या ओळी दिसणार, पार घोट्याच्या वर.

"बाबांना सांग," ती म्हणाली, "दाब नसताना जाळी आखडलेली असते. नवे टाके तिच्यातच बसतात, आखडूनच. पाणी परत आलं की सगळं एकदम ताणतं आणि तेव्हा कळतं किती विणून झालं होतं."

बाबांना सांग, म्हणाली. मी सांगितलं. पुढचं तुम्ही दोघं बघा, मी पोस्टमन नाही.

आता मुख्य. फुटणं थांबलं. तिने औषध आधीपासून द्यायचं सोडलं आणि दाट पाण्याबरोबरच द्यायला लागली, तेही थोडं. दाबून ठेवायची वेळ कमी केली. कापणाऱ्यांना फार कापायला सापडू नये एवढीच. आणि साधं पाणी एका झटक्यात न सोडता हळूहळू पातळ करत नेलं. बरेच दिवस बिघडवून, पुन्हा मांडून, शेवटी एका दुपारी नळीतले जंतू शाबूत राहिले. धुतलं. औषध न दिलेले टुणकन पुढे गेले, न दाबलेल्यांच्या बरोबरीला. औषध दिलेले परतले आणि जुन्या लांबीवर थांबले. तिथेच. केसभर पुढे नाहीत. दाब तोच, पाणी तेच, भिंत तीच. विटा नाहीत तर उडी नाही.

ती फाटकापर्यंत आली आणि तिथूनच मला हाक मारली. माझीच हाक, वारसा आलाय. तिसऱ्या मजल्यावर ऐकू आली. मी स्वयंपाक सोडून चपला उलट्या घालून खाली गेले. पहारेकऱ्याने ओळखपत्र मागितलं नाही. फाटक उघडून म्हणाला, "जा आजी, आत काहीतरी झालंय."

मग सरांना बोलावलं. सरांनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा झालं. नळ्यांची अदलाबदल करून करायला लावलं. तेही झालं. शेवटी त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणाले, "लिही."

मी विचारलं, "सर, म्हणजे आपण दोघं चुकलो?"

"हो आजी," ते म्हणाले. "आपण दोघं."

खोटं कशाला बोलू, मला जरा वाईट वाटलं. एवढी वर्षं पंप मारला मी. पण जे लांब झालं ते झालं, आता त्याला मागे कोण ढकलणार.

आई


२८ एप्रिल

टायरवाले,

परीक्षा झाली. आता सावकाश सांगते.

मोठा हॉल, पायऱ्यापायऱ्यांच्या खुर्च्या, माझ्या गुडघ्यांचा शत्रू. मी मागे बसले. पुढे तीन परीक्षक. एक म्हातारी बाई, माझ्या वयाची पण केस कापलेले. एक जाडसर माणूस. एक तरुण पोरगा, पायाला स्प्रिंग लावल्यासारखा सारखा हलत होता. बाजूला सर. पिटुकलीने तो निळा सदरा घातला होता, ज्याची बटणं तुझ्या जुन्या सदऱ्याची आहेत. मी लावली होती. तिला ठाऊक नाही.

तिने सगळं सांगितलं. मला कळलं निम्मं, पण ती अडखळली कुठे नाही ते पूर्ण कळलं. मग दिवे मंद केले आणि भिंतीवर सिनेमा लावला. दोन ओळी. वरच्या ओळीत न दाबलेले जंतू, आपले निवांत वाढताहेत. खालच्या ओळीत दाबलेले, आखडून बसलेले, बिचारे मागे पडलेले. बघणाऱ्याला वाटावं, संपले हे. मग ती म्हणाली, "आता धुतेय. इथे आम्ही नेहमी कॅमेरा बंद करायचो."

आणि खालची ओळ पुढे सरली. एका दमात, वरच्या ओळीच्या बरोबर. टोकाला टोक.

मग ती म्हातारी परीक्षक म्हणाली, "पुन्हा दाखव."

तिने पुन्हा दाखवलं. बाई म्हणाली, "अजून एकदा." प्रश्न विचारायला नाही रे, नुसतं बघायला. मी ओळखते तो चेहरा. चांगलं चाक फिरताना बघून तुझ्या वडिलांचा व्हायचा तसा.

नंतर त्या हलणाऱ्या पोराने विचारलं, "मग दाबलेलं असताना ही वाढ असते कुठे?"

पिटुकली म्हणाली, "हा प्रश्न मला आधी माझ्या वडिलांनी विचारलाय."

"ते काय करतात?"

"झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवतात. त्यांच्याकडे रबर बाहेरून चढतं, म्हणून त्यांना पटेना."

लोक हसले. चांगलं हसले, टोचणारं नाही. मग तिने खिशातून माझा पायमोजा काढला, अजून अर्धाच, आणि सगळ्यांसमोर हातात चढवला. कोपरापर्यंत. तो पोरगा हलायचा थांबला.

त्या वेळी मी नाक शिंकरलं. हॉलमध्ये थंड हवेचं यंत्र फार जोरात लावतात.

सरांना शेवटी बोलायला सांगितलं. ते उठून म्हणाले, "हे माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध आहे आणि बरोबर आहे." मग बसले. पदवी दिली. एकमताने. म्हातारी बाई उतरून पिटुकलीचा हात धरून उभी राहिली, सोडेचना. मी आणि सर मागच्या रांगेत चहा प्यायलो, हरलेले दोघं. चहा बरा होता.

आता माझं एक ऐक. उपदेश नाही, मला उपदेश जमत नाहीत. तू तिच्यावर दाट पाणी ओतलंस. तुला वाटलं, आखडली, थांबली, येईल परत. ती आखडली होती हे खरं, मी बघितलंय. पण आत भट्टी चालू होती. आता पाणी पातळ व्हायला लागलंय, एका कार्डाएवढं का होईना. तेव्हा पुढे जे दिसेल त्याला दचकू नकोस.

तिला तिची जुनी सायकल हवी आहे. पुढच्या महिन्यात घ्यायला येईन म्हणते. मीही येईन, तो कॉम्प्रेसर बघायला. ती वाकणार नाही, एवढं सांगून ठेवते. सवय गेली.

तुझी आई


१६ मे

टायरवाले,

कार्ड मिळालं. "दाराची चौकट वर घेतली. एक वीत. शनिवारी या." तीन ओळी म्हणजे तुझ्या मानाने ग्रंथ झाला. कार्ड तिने घेतलंय, परत देत नाही, प्रबंधात घालून ठेवलंय.

शनिवारी येतो. कॉम्प्रेसरला तेल घालून ठेव.

आणि एक वीत पुरणार नाही. हल्ली ती केस डोक्यावर बांधते. अजून चार बोटं वर घे.

आई